ग्लिसरीनच्या ड्रममध्ये डीईजी आहे का? तपासायचं कसं आणि कशासाठी

औषध कारखान्याच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, नवीन लागलेल्या पोरांना एचपीएलसीसारख्या मोठ्या यंत्रावर बसायची घाई असते. मी त्यांच्या हातात आधी ग्लिसरीन देते. सिरपच्या कारखान्यात यापेक्षा कंटाळवाणा कच्चा माल दुसरा नाही, आणि माणसं मारण्याचा याच्याइतका जुना इतिहासही दुसऱ्या कुठल्या मालाला नाही. दोष ग्लिसरीनचा नसतो. त्यात मिसळलेल्या किंवा त्याच्या नावानं विकलेल्या डायइथिलीन ग्लायकॉलचा असतो, म्हणजे आपल्या भाषेत डीईजीचा. त्याचा धाकटा भाऊ इथिलीन ग्लायकॉल, ईजी. प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल सोल्युशन, माल्टिटॉल सोल्युशन हे सगळे याच पंगतीतले, त्यामुळे खालचं बरंचसं त्यांनाही लागू आहे.

हे लिहितेय ते बी.फार्म. किंवा एम.एस्सी. झालेल्या, पण कॉलेजात जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, मिश्रणातले घटक वायुरूपात वेगळे करणारं यंत्र) लांबूनच पाहिलेल्या माणसासाठी. विषारीपणाच्या अभ्यासावरही लिहिणार आहे. तो विषय टॉक्सिकॉलॉजीवाल्यांचा म्हणून क्यूसीत सोडून देतात आणि मग क्रोमॅटोग्रामवरच्या, म्हणजे जीसीच्या आलेखावरच्या, छोट्या पीककडे (टोकाकडे) कोणी गंभीरपणे बघत नाही.

आधी शत्रू ओळखा

डीईजी रंगहीन, घट्टसर आणि चवीला गोड. ग्लिसरीनही तसंच. एक ब्रेक फ्लुइडमध्ये, अँटीफ्रीझमध्ये, रेझिनच्या कारखान्यात जातं, दुसरं लहान मुलांच्या औषधात. औद्योगिक दर्जाचं डीईजी स्वस्त, फार्मा दर्जाचं ग्लिसरीन महाग. बाकी सगळा इतिहास या दोन वाक्यांतून निघतो.

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडचं एलिक्सिर बनवताना द्रावक म्हणून थेट डीईजीच वापरलं गेलं. चव, वास, रंग पाहिला, विषारीपणा पाहिलाच नाही. शंभरावर माणसं गेली आणि पुढच्या वर्षी तिथे नवा औषध कायदा आला. आपल्याकडे १९८६ च्या सुरुवातीला मुंबईत जे. जे. रुग्णालयात मेंदूचा किंवा डोळ्याचा दाब कमी करायला दिलेल्या ग्लिसरीननं १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला तो त्यासाठी. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपनं मुलं दगावली. छिंदवाड्याची बरीच मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली होती, त्यामुळे विदर्भातल्या डॉक्टरांना ते वर्ष विसरता येणार नाही. त्या सिरपमध्ये तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाला ४८.६ टक्के डीईजी सापडलं. एवढ्या वर्षांत रसायन तेच, आणि दरवेळी ते सापडतं ते माणसं गेल्यावर. तपासणी अवघड आहे म्हणून हे होत नाही. ती एका दुपारचं काम आहे.

नेहमीच्या चाचण्यांवर का विसंबायचं नाही

नवा ॲनालिस्ट विचारतो, ‘मॅडम, ॲसे पास आहे, आयआर जुळतोय, मग आणखी काय?’

ॲसे म्हणजे मालात ग्लिसरीन किती टक्के आहे त्याची मोजणी. तिचं बघा. ग्लिसरीनवर सोडियम पिरिऑडेट टाकलं की ते मोडतं, फॉर्मिक ॲसिड तयार होतं आणि आपण ते सोडियम हायड्रॉक्साइडनं टायट्रेट करतो. डीईजी पिरिऑडेटला दादच देत नाही. म्हणजे ते जितकं असेल तितका ॲसे खाली येणार. ऐकायला छान वाटतं. पण मर्यादा ९९ ते १०१ असेल, तर अर्धा टक्का डीईजी असलेला माल ९९.५ दाखवून हसतहसत पास होतो. अर्धा टक्का म्हणजे परवानगीच्या, ०.१० टक्क्याच्या, पाचपट. आयआरचंही, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी पदार्थाची ओळख पटवण्याचंही, तसंच: दोघांनाही ओएच, दोघांनाही सीओ, ग्लिसरीनच्या रुंद पट्ट्यांखाली थोडंसं डीईजी दडून जातं. डेन्सिटी आणि रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स मोठी भेसळ पकडतात, पण त्यांच्यावर पाण्याचाही परिणाम होतो, त्यामुळे छोट्या फरकाचं खापर पाण्यावर फोडून माणूस मोकळा होतो.

म्हणून डीईजी आणि ईजीची मर्यादा चाचणी ओळखीच्या चाचणीतच धरलेली आहे: दोन्ही प्रत्येकी ०.१० टक्क्यापेक्षा जास्त नकोत. याचा अर्थ नीट लावा. ही चाचणी नापास झाली तर माल ‘थोडा अशुद्ध ग्लिसरीन’ ठरत नाही, तो ग्लिसरीनच ठरत नाही.

कागद वाचा, पण कागदाला वश होऊ नका

ड्रमबरोबर सीओए, म्हणजे तपासणीचं प्रमाणपत्र, येतो. त्यावर मूळ उत्पादकाचं नाव आहे की फक्त ट्रेडरचं लेटरहेड, हे आधी बघा. २००६ मध्ये पनामात ग्लिसरीनच्या नावानं आलेलं डीईजी सिरपमध्ये गेलं आणि माणसं दगावली, त्यात माल चीनमधून स्पेनमार्गे हात बदलत गेला. प्रत्येक टप्प्यावर प्रमाणपत्र नव्या नावानं पुढे सरकलं, तपासलं कोणीच नाही.

एका ट्रेडरचे तीन वेगवेगळ्या तारखांचे सीओए एकदा मी टेबलावर शेजारीशेजारी ठेवले होते. लॉट नंबर वेगळे, उत्पादनाच्या तारखा वेगळ्या. पाणी मात्र तिन्हीत ०.१८ टक्के आणि ॲसे तिन्हीत ९९.६२. निसर्गात असं होत नाही. एकाच बाटलीतून दोनदा वजन केलं तरी कार्ल फिशर (पाणी मोजायची चाचणी) दुसऱ्या दशांशात हलतो. शिवाय लॉट नंबरची अक्षरं बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड होती. तो माल जीसीवर स्वच्छ निघाला. तरी आम्ही त्या ट्रेडरला व्हेंडर लिस्टमधून काढलं, कारण जो माणूस न तपासता आकडे लिहितो त्याचा माल पास होणं हा योगायोग असतो. पर्चेसवाल्यांनी तोंडं वाकडी केली. करू देत.

सॅम्पलिंग: प्रत्येक ड्रम

इथे ड्रमांच्या संख्येचं वर्गमूळ अधिक एक, एवढेच ड्रम उघडायचा नेहमीचा नियम चालणार नाही. डीईजी-ईजीसाठी लॉटमधला प्रत्येक ड्रम वेगळा उघडायचा, प्रत्येकाची वेगळी बाटली, प्रत्येकाची वेगळी वायल (यंत्रात ठेवायची कुपी). ‘कंपोझिट करू का?’ असं विचारणाऱ्याला मी हे गणित फळ्यावर करायला लावते. दहा ड्रम आलेत. नऊ स्वच्छ आहेत, एकात ०.५ टक्के डीईजी आहे. दहांचे समान भाग एकत्र केले तर मिश्रणात ०.०५ टक्के. मर्यादा ०.१०. अहवालात ‘कम्प्लाइज’. आणि तो एक ड्रम उत्पादनात सरळ एका बॅचला जाणार, कारण २५० किलोचा ड्रम एका मोठ्या बॅचला आरामात संपतो.

ड्रमचं सील आधी बघा. उत्पादकाचं आहे ना, तुटून पुन्हा बसवल्यासारखं दिसत नाही ना, ड्रमवरचा लॉट नंबर आणि सीओएवरचा जुळतो ना. लेबलच्या कडेखाली जुन्या लेबलचा गोंद दिसला तर तिथेच थांबा आणि क्यूएला (गुणवत्ता हमी विभागाला) बोलवा.

नळी ड्रमच्या तळापर्यंत पोचायला हवी. ग्लिसरीनची घनता १.२६, डीईजीची १.१२. दोन्ही एकमेकांत पूर्ण मिसळतात हे खरं, पण घट्ट द्रव न ढवळता वरून ओतला असेल तर तो आपणहून एकजीव होत नाही, हलका भाग वर राहतो. म्हणून वरचा थर आणि तळ, दोन्हीकडून घ्या. प्रत्येक ड्रमला नवी किंवा धुऊन वाळवलेली नळी. बाटली लगेच बंद करा, ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि पावसाळ्यात तर फारच.

वजन आणि द्रावणं

इथे मी सांगते ती पद्धत अमेरिकन फार्माकोपियातल्या (औषधांच्या मानकग्रंथातल्या) ग्लिसरीनच्या चाचणीची आहे. तुमच्या कंपनीच्या एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) ज्या फार्माकोपियाची जी चालू आवृत्ती असेल, तिच्याप्रमाणेच करायचं. आकडे इथून उतरवू नका, आकड्यांमागचं डोकं घ्या.

द्रावक मेथॅनॉल. इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी सगळीकडे सारखंच घातलेलं रसायन, २,२,२-ट्रायक्लोरोइथेनॉल, प्रत्येक द्रावणात ०.१० मिलिग्रॅम प्रति मिली. स्टँडर्डमध्ये, म्हणजे माहीत प्रमाणाच्या द्रावणात, डीईजी आणि ईजी प्रत्येकी ०.०५० मिलिग्रॅम प्रति मिली आणि सोबत थोडं शुद्ध ग्लिसरीन, २ मिलिग्रॅम प्रति मिली. टेस्टमध्ये नमुना ५० मिलिग्रॅम प्रति मिली. आता ०.०५० ला ५० नं भागा, शंभरनं गुणा: ०.१०. म्हणजे स्टँडर्डचं पीक हीच मर्यादा. नमुन्यातलं पीक त्याहून लहान हवं, एवढं सोपं आहे.

डीईजी साधारण ५० मिलिग्रॅम अचूक वजन करून १०० मिलीच्या व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्या, मेथॅनॉलनं खुणेपर्यंत भरा. त्यातले १० मिली दुसऱ्या १०० मिलीत. ईजीचं तसंच. नमुन्याचे १.२५ ग्रॅम २५ मिलीच्या फ्लास्कमध्ये पुरतात.

पिपेटनं ग्लिसरीन मोजू नका. ते भिंतीला चिकटतं आणि तुम्ही मोजलेले ५ मिली कधीच ५ मिली नसतात. ड्रॉपरनं फ्लास्कमध्ये थेंब सोडा, वजन बघा, हवं तेवढं झालं की थांबा. थेंब मानेला लागला तर तिथेच राहतो, म्हणून ड्रॉपरचं टोक मानेच्या खाली न्या. मेथॅनॉल घालून हलवताना फ्लास्क उजेडात तिरका धरा. तळाशी तेलासारख्या रेघा फिरताना दिसतात तोवर ते विरघळलेलं नाही. पुष्कळ जण इथे घाई करतात, खुणेपर्यंत भरतात आणि मग हलवतात.

डीईजीची बाटली ग्लिसरीनच्या बाटलीपासून वेगळ्या कपाटात ठेवा. तिला वेगळा ड्रॉपर, वेगळा स्पॅचुला. खोट्या पॉझिटिव्हचं सगळ्यात साधं कारण म्हणजे दोन्हीकडे फिरलेला एकच ड्रॉपर.

जीसीवर

कॉलम जी४३ प्रकारचा: ६ टक्के सायनोप्रोपिलफिनाइल, ९४ टक्के डायमिथाइलपॉलिसिलोक्सेन. ३० मीटर लांब, ०.५३ मिमी आतला व्यास, ३ मायक्रॉन फिल्म. हेलियम ४.५ मिली प्रति मिनिट, स्प्लिट १०:१, इंजेक्टर २२०, एफआयडी (ज्योतीवर चालणारा डिटेक्टर) २५० अंश. ओव्हन १०० अंशांवर ४ मिनिटं, मग मिनिटाला ५० च्या वेगानं १२० वर, तिथे १० मिनिटं, पुन्हा ५० च्या वेगानं २२० वर आणि ६ मिनिटं. इंजेक्शन १ मायक्रोलिटर. हेलियम महाग म्हणून नायट्रोजन लावायचा असेल तर आधी पद्धत त्यावर तपासून घ्या, परस्पर बदलू नका.

ज्योत पेटली का हे स्क्रीनवर दिसतं, पण मी अजूनही एफआयडीच्या तोंडाशी थंड पाना धरते. वाफ धरली की ज्योत आहे.

क्रम असा ठेवा: मेथॅनॉल ब्लँक, स्टँडर्ड, परत ब्लँक, मग नमुने, आणि शेवटी पुन्हा स्टँडर्ड. मधला ब्लँक गाळू नका. पन्नास मिलिग्रॅम प्रति मिलीचं ग्लिसरीन लायनरमध्ये, सिरिंजमध्ये रेंगाळतं आणि पुढच्या इंजेक्शनमध्ये भुतासारखं उगवतं. सिरिंज वॉशला मेथॅनॉल भरपूर ठेवा आणि वॉशच्या वायल रोज बदला. काचेच्या लोकरीवर पिवळट डाग दिसला की लायनर काढा, तो ‘अजून चालेल’ या वर्गातला नसतो.

पीक येतात ते ईजी, मग ट्रायक्लोरोइथेनॉल, मग डीईजी, शेवटी ग्लिसरीन. डीईजी आणि ग्लिसरीन यांच्यात रिझोल्यूशन (दोन पीक किती सुटे आहेत त्याचं माप) किमान १.५ हवं. नेमका हाच भाग अवघड. स्टँडर्डमध्ये ग्लिसरीन २ मिलिग्रॅम असतं, म्हणून तिथे दोन्ही पीक सुबक, वेगळे दिसतात. नमुन्यात ग्लिसरीन पंचवीसपट. कॉलमवर एवढा माल चढला की ग्लिसरीनचं पीक पुढच्या बाजूला सोंड काढतं आणि ती सोंड डीईजीच्या जागेपर्यंत येऊ शकते. सॉफ्टवेअर तिथे मोठ्या पीकचा पायथा समजून छोट्याला गिळतं आणि रिपोर्टमध्ये छापतं ‘नॉट डिटेक्टेड’. म्हणून रिपोर्टच्या टेबलावर जाऊ नका. क्रोमॅटोग्राम उघडा, वाय अक्ष इतका ताणा की ग्लिसरीन छतातून बाहेर जाईल, आणि डीईजीच्या वेळेवर बेसलाइन डोळ्यांनी बघा. स्टँडर्डचा क्रोमॅटोग्राम त्यावर ओव्हरले करा. संशय असेल तर त्याच नमुन्यात मर्यादेइतकं डीईजी घालून दुसरी वायल चालवा. पीक स्वच्छ वाढलं तर तुमची पद्धत त्या मालात डीईजी बघू शकते. वाढलेलं दिसलंच नाही, तर आधीच्या ‘नॉट डिटेक्टेड’ला काही अर्थ नव्हता.

हिशेब: नमुन्यात डीईजी आणि इंटर्नल स्टँडर्ड यांच्या एरियाचं गुणोत्तर समजा ०.३१. स्टँडर्डमध्ये तेच ०.४२. ०.३१ भागिले ०.४२ म्हणजे ०.७४. गुणिले ०.१० टक्के. उत्तर ०.०७४ टक्के. पास.

पास, पण मी सही करायच्या आधी त्या उत्पादकाचे मागचे निकाल काढायला लावते. ज्याच्या मालात आजवर बेसलाइन सपाट होती त्याच्यात आज ०.०७ दिसतंय, तर काहीतरी बदललंय: टँकर, टाकी, प्लांट, किंवा मधला माणूस. मर्यादा तुम्हाला माल घ्यायची परवानगी देते, प्रश्न न विचारायची नाही.

तयार सिरप तपासायचं असेल तर

कच्च्या मालापेक्षा सिरप त्रासदायक. साखर उडत नाही, ती इंजेक्टरमध्ये जळून काजळी होते आणि मग त्या काजळीला ग्लायकॉल चिकटतात. नमुना जास्त पातळ करा, लायनर लवकर बदला. फ्लेवर आणि मेन्थॉलचे पीक कुठे येतात हे प्लासिबो (औषध सोडून बाकी सगळं असलेलं सिरप) चालवून आधी माहीत करून घ्या. डीईजीच्या वेळेवर काही दिसलं तर ते डीईजीच आहे हे मास स्पेक्ट्रोमीटरवर पक्कं करा. त्याचे ठळक आयन ४५ आणि ७५, दोन्ही योग्य प्रमाणात हवेत. मास नसेल तर वेगळ्या ध्रुवीयतेच्या कॉलमवर वेळ जुळते का बघा.

जीसी नसलेल्या ठिकाणासाठी टीएलसी, म्हणजे पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, आहे. जागतिक आरोग्य संघटनेनंही तोंडानं घ्यायच्या द्रव औषधांसाठी आधी टीएलसीनं चाळणी, मग जीसीनं पक्की तपासणी अशी दोन पायऱ्यांची वाट दिली आहे. सिलिकाची प्लेट, पोटॅशियम परमँगनेटचा फवारा, शेजारी डीईजीचं स्टँडर्ड. टक्क्यांमध्ये असलेली भेसळ ती दाखवते. छिंदवाड्यासारखं ४८ टक्के तर आंधळ्यालाही दिसलं असतं.

एलडी५० नं फसू नका

आता विषारीपणा. एलडी५० म्हणजे निम्मे प्राणी मरतात ती मात्रा. एम.फार्म.च्या प्रोजेक्टमध्ये हमखास दिसणारं वाक्य: ‘या पदार्थाचा तोंडावाटे एलडी५० जास्त आहे, सबब तो सुरक्षित आहे.’ डीईजी हा त्या वाक्याला सर्वांत चांगला उतारा आहे.

रॅटमध्ये डीईजीचा तोंडावाटे एलडी५० किलोमागे १२ ग्रॅमच्या वर नोंदलेला आहे. ओईसीडीच्या ४२३ क्रमांकाच्या, तीव्र विषारीपणा तपासायच्या पद्धतीनं, तीन-तीन रॅट घेऊन, २००० मिलिग्रॅम प्रति किलो या नेहमीच्या सर्वांत वरच्या पायरीपर्यंत गेलात तरी बहुधा सगळे जगतील आणि तुम्ही ‘जवळपास निरुपद्रवी’ असं लिहून मोकळे व्हाल. हैतीमध्ये १९९६ च्या सुमारास डीईजी असलेल्या सिरपनं आजारी पडलेल्या मुलांच्या अभ्यासात विषारी मात्रेचा मध्य किलोमागे १.३४ मिली निघाला, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम. काही मुलांना त्याहून कितीतरी कमी मात्रा पुरली होती.

आता आकडे शेजारी ठेवा. बारा किलोचं मूल, म्हणजे मध्य मात्रा साधारण १८ ग्रॅम. ४८.६ टक्क्यांच्या सिरपचा ५ मिलीचा एक डोस म्हणजे २.४ ग्रॅम डीईजी. दिवसातून तीन वेळा दिलं तर तिसऱ्या दिवशी १८ ग्रॅम ओलांडतात. खोकल्याचं औषध तीन दिवस देणं ही कुठल्याही घरातली सर्वसाधारण गोष्ट. उलट बाजूनं: सिरपमध्ये २० टक्के ग्लिसरीन आहे आणि त्या ग्लिसरीनमध्ये नेमकं मर्यादेइतकं, ०.१० टक्के डीईजी आहे, तर ५ मिलीमध्ये १ मिलिग्रॅम. एकीकडे २४०० मिलिग्रॅम, दुसरीकडे १.

डीईजी स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज त्याला मोडतं, मग २-हायड्रॉक्सीइथॉक्सी ॲसेटिक ॲसिड आणि शेवटी डायग्लायकॉलिक ॲसिड तयार होतं. हे शेवटचं मूत्रपिंडाच्या प्रॉक्झिमल ट्यूब्यूलच्या पेशींत साठतं आणि त्यांना मारतं. म्हणून मुलाला आधी उलट्या, पोटदुखी होते आणि एक-दोन दिवसांनी लघवी बंद होते. पुढे चेहऱ्याच्या आणि हातापायांच्या नसाही जाऊ शकतात. ईजीची वाट वेगळी, त्याचं ऑक्झॅलिक ॲसिड होतं आणि मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक दिसतात.

पेशींवर अभ्यास करायचा असेल तर हे सगळं डोक्यात ठेवून आखा. हेपजी२ (यकृताच्या पेशी) सहज मिळतात म्हणून त्याच घेऊन बसू नका. अवयव मूत्रपिंड आहे, एचके-२ (मूत्रपिंडाच्या पेशी) घ्या. फक्त डीईजी टाकलंत तर पेशी मजेत राहतील, कारण विष तयार करणारं यकृत त्या प्लेटमध्ये नाही. मूळ पदार्थ आणि दोन्ही चयापचयज वेगवेगळे टाका, मिलीमोलर पातळीवर, कारण विषबाधेत तेवढेच साठतात. डायग्लायकॉलिक ॲसिड हे ॲसिड आहे. पीएच ७.४ ला आणल्याशिवाय ते टाकलं तर पेशी आम्लानं मरतील आणि तुम्ही निष्कर्ष विषाचा काढाल. जास्त तीव्रतेला मॅनिटॉलचं तेवढंच कंट्रोल ठेवा, म्हणजे ऑस्मोटिक परिणाम वेगळा ओळखता येईल. एमटीटी (पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून सांगणारी चाचणी) करा, पण त्याच्यावरच थांबू नका. हे ॲसिड मायटोकाँड्रियातल्या सक्सिनेट डिहायड्रोजिनेजला अडवतं आणि एमटीटीचा जांभळा रंगही मायटोकाँड्रियाच्याच कामावर येतो. रंग कमी झाला म्हणजे पेशी मेली की नुसती मंदावली, हे एलडीएच गळतीशिवाय (फुटलेल्या पेशीतून बाहेर पडणारं एन्झाइम मोजल्याशिवाय) सांगता येणार नाही.

प्राण्यांवर करायचं तर आधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी, आणि खरंच गरज आहे का हा प्रश्न. विस्टार रॅटमध्ये किलोमागे १० ग्रॅम डीईजी देऊन आणि सोबत अल्कोहोल डिहायड्रोजिनेज अडवणारं फोमेपिझोल देऊन हे काम आधीच झालंय: एन्झाइम अडवलं की डायग्लायकॉलिक ॲसिड तयार होत नाही आणि मूत्रपिंड वाचतं. तेच पुन्हा करण्यात अर्थ नाही. नव्या द्रावकासाठी करत असाल, तर मेलेले प्राणी मोजत बसू नका. चोवीस तासांची लघवी, सीरम क्रिएटिनिन, यूरिया, मूत्रपिंडाचं वजन, आणि कॉर्टेक्सचा छेद चांगल्या पॅथॉलॉजिस्टच्या नजरेखाली. १९३७ च्या घटनेनंतर शिकागोत रॅटवर हेच पाहणाऱ्या गटात फ्रान्सिस केल्सी नावाची विद्यार्थिनी होती. पुढे अमेरिकेच्या एफडीएत थॅलिडोमाइडची, म्हणजे गर्भातल्या बाळांना अपंग करणाऱ्या औषधाची, फाइल अडवणारी तीच.

नापास झालं तर

आधी तीच वायल पुन्हा इंजेक्ट करा, उपकरणाची शंका मिटवा. मग त्याच सॅम्पल बाटलीतून दुसऱ्या ॲनालिस्टकडून नवीन द्रावण. ड्रममधून परत परत सॅम्पल काढून पास होईपर्यंत चालवणं आणि पास-नापासाची सरासरी काढणं, दोन्ही बंद. ओओएस (मर्यादेबाहेरच्या निकालाची चौकशी) उघडा, कच्चा डेटा जसा आहे तसा ठेवा, नापास क्रोमॅटोग्राम डिलीट करायचा विचारही नको, ऑडिट ट्रेलमध्ये तो दिसतोच.

निकाल पक्का झाला की लाल लेबल, कुलूपबंद रिजेक्ट एरिया. आणि इथे कंपनीत वाद होतो: पर्चेसला ड्रम ट्रेडरला परत पाठवून पैसे वसूल करायचे असतात. परत पाठवू नका. तो ड्रम पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एखाद्या छोट्या कारखान्याच्या गेटवर उभा असेल, नव्या सीओएसह, आणि तिथे जीसी असेलच असं नाही. राज्याच्या एफडीएला लेखी कळवा, ते सांगतील तोवर सील करून ठेवा, रिटेन सॅम्पलवर (राखून ठेवलेल्या नमुन्यावर) दोन सह्या घ्या. त्याच ट्रेडरकडून आलेल्या, अजून मुदत न संपलेल्या सगळ्या लॉटची रिटेन सॅम्पलं कपाटातून काढा आणि जीसीवर लावा. त्यातलं बाजारात गेलेलं सिरप कुठल्या बॅचचं, कुठल्या गावी गेलंय, ही यादी डिस्पॅचकडून त्याच दिवशी मागवून घ्या.